थोरलीची उजवी नडगी

माझ्या बायकोच्या मामांइतका हाडांवर जीव असलेला, आणि हाडांभोवतीच्या उरलेल्या माणसाकडे इतक्या निर्मळ मनानं दुर्लक्ष करणारा गृहस्थ अख्ख्या मुळशी तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि पुढं होईल असंही मला वाटत नाही. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा मेधाकडची मंडळी मला बघायला आमच्या घरी आली होती. कुणी माझ्या हिंजवडीतल्या नोकरीची चौकशी केली, कुणी घर केव्हा घेणार ते विचारलं, कुणी पोह्यांचं कौतुक केलं. मामा मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून, मी पाण्याचा तांब्या घेऊन आत-बाहेर करत होतो ते डोळे बारीक करून बघत होते. निघायच्या वेळी मेधाच्या आईनं हळूच विचारलं, "दादा, कसा वाटला मुलगा?" मामांनी हळू बोलण्याची तसदी घेतली नाही. "उजवा खांदा बोटभर खाली आहे. लॅपटॉपची पिशवी एकाच खांद्यावर घेत असणार. बाकी सांधे उत्तम." आमच्याकडची सगळी माणसं माझ्या खांद्याकडे बघायला लागली, पण मेधाच्या घरी हा होकार धरला गेला. तिच्या मावसबहिणीच्या नवऱ्याबद्दल मामा "मणक्याविषयी मी आज काही बोलत नाही" एवढंच म्हणाले होते, आणि ते लोक अजून त्या वाक्याचा अर्थ लावत बसलेत.

मामा जन्मभर जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात शरीररचना शिकवत होते. म्हणजे पोटासाठी त्यांनी गाई-म्हशींची हाडं शिकवली, पण जीव गुंतला तो शहामृगात. त्याचं असं झालं की नोकरीला लागल्या लागल्या त्यांना अडगळीतल्या एका पेटाऱ्यातला शहामृगाचा सांगाडा जोडायला सांगितला. कुठल्या तरी सर्कशीतला पक्षी होता तो. मामांनी मान जोडली, बरगड्या जोडल्या, पण दोन पाय काही केल्या जुळेनात. डाव्या पायाची नडगी लांब आणि सडपातळ, उजव्या पायाची आखूड, जाड आणि जरा पिळलेली. कुणीतरी दोन पक्ष्यांची हाडं एकत्र केली असणार म्हणून मामांनी सगळं कॉलेज डोक्यावर घेतलं. पुढं कधीतरी, खुब्याच्या खोबणीत दोन्ही मांड्या नीट बसल्यावर, त्यांची खात्री पटली की दोन्ही पाय एकाच पक्ष्याचे होते. तो लहानपणी कोंडून वाढला होता, आणि कोंडून वाढलेल्या शहामृगाचं हाड वाढता वाढता असं पिळवटतं. ती गोष्ट मामा मला सांगायचे तेव्हा प्रत्येक वेळी इथं थांबायचे आणि माझ्याकडे बघायचे. मीही प्रत्येक वेळी नवीन ऐकल्यासारखा चेहरा करायचो.

कारण त्या दिवसापासून मामांना एक प्रश्न चावला तो चावला. आज जिवंत असलेले शहामृग आफ्रिकेत आहेत, पण एकेकाळी ते शिवालिकच्या डोंगरांत होते, चीनमध्ये होते, युरोपात तर आजच्यापेक्षा कितीतरी धिप्पाड होते, आणि आपल्या महाराष्ट्रातही होते. त्यांच्या अंड्यांच्या टरफलांचे तुकडे इथल्या मातीत सापडतात. असा एक नखाएवढा तुकडा मामांच्या एका मित्रानं त्यांना दिला होता आणि तो ते काडेपेटीत कापूस घालून ठेवत. आता या गेलेल्या शहामृगांचे जे निरनिराळे प्रकार पुस्तकात दिलेत, त्यांतले पुष्कळसे कुठं एका बोटाच्या पेरावर, कुठं अर्ध्या नडगीवर उभे आहेत, असं मामांचं म्हणणं होतं. "हे हाड जाड आहे, म्हणून हा वेगळा पक्षी. अरे बाबा, तो नर असेल, म्हातारा असेल, लंगडा असेल. त्याला काय काय झालं असेल तुला काय माहीत?" हा 'अरे बाबा' म्हणजे परदेशातला कुणी मोठा शास्त्रज्ञ असे, पण ऐकून मी घ्यायचो. मामांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. ज्याचं सगळं आयुष्य आपल्याला ठाऊक आहे, वय, खाणं, दुखणं, सगळं, अशा एका शहामृगाचा अखंड सांगाडा. सर्कशीतला मुका पक्षी पुरावा म्हणून चालत नव्हता, कारण त्याच्याबद्दल सांगणारं कुणी उरलं नव्हतं. असा एक सांगाडा मिळाला की त्याचे दोन पाय टेबलावर शेजारी शेजारी ठेवायचे आणि जगाला विचारायचं, आता सांगा, हे पक्षी किती?

तोपर्यंत मामा कोंबडीवर भागवत. इतर लोक खिशाला पेन लावतात, तसा मामांच्या सदऱ्याच्या खिशाला हाडं मोजायचा चिमटा असायचा, कॅलिपर. धरणाच्या रस्त्यावर एक चुलीवरची थाळी मिळणारं हॉटेल आहे, तिथं आम्ही एकदा सगळे जेवायला गेलो होतो. मामांनी वेटरला बोलावलं. "दोन तंगड्या आण. पण एकाच कोंबडीच्या." वेटर म्हणाला, "सायेब, आतमंदी पातेल्यात लई कोंबड्या हायेत. कुनाची कंची तंगडी, आता कोंबड्यांस्नी कसं इचारू?" मामांनी नाइलाजानं सगळ्यांच्या ताटातली हाडं मागून घेतली, पाण्यानं धुतली आणि कागदी रुमालावर ओळीनं मांडून जोड्या लावायला बसले. शेजारच्या टेबलावरचे पुण्याचे पाहुणे आपलं जेवण तसंच टाकून उठले. आमच्या मुलीच्या बारशाला तर मामांनी पाळण्यात वाकून तिच्या दोन्ही मांड्या मोजल्या आणि "सारख्या आहेत, पण अजून काही सांगता येत नाही" असं जाहीर केलं. माझी आई ते अजून विसरलेली नाही.

या सगळ्याचं खरं दुखणं सोसलं ते मामींनी. हाडं स्वच्छ करायची तर ती मंद आचेवर धुण्याच्या सोड्यात उकळावी लागतात, आणि मामांना उकळायला भांडं म्हणजे भांडं, एवढंच कळायचं. मामींच्या दिवाळीच्या चिवड्याच्या पातेल्यात त्यांनी एकदा ईमूची मान उकळली. मामी रागावल्या नाहीत. रागावणं हा त्यांचा स्वभावच नव्हता. त्यांनी मुकाट्यानं लाल ऑइलपेंटची छोटी डबी आणली आणि स्वयंपाकघरातल्या प्रत्येक भांड्यावर, पातेली, कढया, कुकर, झारे, दुधाची लोटी, सगळ्यांवर कुंकवाएवढा एक एक ठिपका दिला. मग मामांना बोलावून म्हणाल्या, "अहो, हे बघा. लाल ठिपका दिसला की तुम्ही हात लावायचा नाही. मग आत काही असो." मामांनी हे मान्य केलं आणि जन्मभर पाळलं, इतकं की मामी माहेरी गेल्या की चहासाठी ते शेजारच्या द्वारकाबाईंकडून भांडं मागून आणत. मामींनी हे कळल्यावर कपाळाला हात लावला, पण ठिपके पुसले नाहीत.

या द्वारकाबाई म्हणजे मामांच्या कुंपणापलीकडच्या शेजारीण. निवृत्तीनंतर मामांनी मुळशीकडच्या एका गावात घर बांधलं ते द्वारकाबाईंच्याच भावकीतल्या जमिनीवर. त्यांची भातखाचरं अजून आहेत, वरच्या खोल्या त्यांनी शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना द्यायला ठेवल्यात, आणि मुलगा हिंजवडीला कंपनीची गाडी चालवतो. मामांच्या अंगणात वाळत घातलेली हाडं बघून गावानं आधी त्यांच्यापासून चार हात लांब राहायचं ठरवलं होतं. द्वारकाबाईंनी एक दिवस कुंपणावरून सरळ विचारलं, "सर, तुमी करनी-बिरनी करताय का?" मामा म्हणाले, "नाही हो. मोजतो." "मंग हरकत न्हाई," असं म्हणून त्यांनी मामींना अळूची पानं दिली आणि पुढं मरेपर्यंतचा शेजार सुरू झाला.

आणि त्या गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक रिसॉर्ट होतं, आणि त्या रिसॉर्टमध्ये, पाहुण्यांच्या मुलांनी फोटो काढावेत म्हणून, शहामृगांची एक जोडी ठेवलेली होती. मामांनी घर तिथं का बांधलं, ते मामींना ही जोडी दिसल्यावर कळलं. जोडीतला नर एका उन्हाळ्यात गेला आणि मॅनेजरनं त्याची परस्पर विल्हेवाट लावली. मादी उरली. ती उजव्या पायानं लंगडत होती. लहानपणी सिमेंटच्या फरशीवर वाढवलेली, वरून खाणं भरपूर, त्यामुळं उजवी नडगी पिळली गेली होती आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं होतं. मामांनी ते कुंपणाबाहेरून पाहिलं आणि घरी येऊन मामींना म्हणाले, "मिळाला नमुना." तेव्हापासून ते रोज संध्याकाळी तिकडं जाऊ लागले. मॅनेजरला बजावून ठेवलेलं होतं, "ही गेली की आधी मला फोन." तो बिचारा उत्तरेकडचा होता. तो हात जोडून म्हणायचा, "सर, आप रोज़ पूछते हो, मुझे डर लगता है." मामा तिचे डोळे बघत, पिसं बघत, आणि "भूक कशी आहे? खाते का?" असं अशा सुरात विचारत की मामी त्यांची बाही ओढून म्हणायच्या, "अहो, निदान तिच्या तोंडावर तरी नका विचारू."

मामी सोबत जायला लागल्या होत्या. त्यांनी तिचं नाव थोरली ठेवलं, कारण ती सगळ्यांपेक्षा उंच होती आणि सगळ्यांकडे वरून, जरा नापसंतीनं बघायची, घरातल्या थोरल्या जावेसारखी. त्या तिच्यासाठी लसूणघासाची जुडी नेत. थोरली घास खाऊन झाला की मान लांब करून मामींच्या स्वेटरचं वरचं बटण चोचीनं ओढायची. मामी तिला दटावायच्या आणि दुसऱ्या दिवशी तोच स्वेटर घालून जायच्या. मामा मात्र तिला 'नमुना'च म्हणत. नमुन्याला नाव देऊ नये, मग मोजताना हात हलतो, असं ते आम्हाला शिकवत.

मग मामी आजारी पडल्या. आजार असा होता की त्यात आशा करायला फार जागा नव्हती, हे मामांना आमच्या आधी कळलं असणार. चालवत होतं तोवर त्या थोरलीकडे जात राहिल्या, पुढं मी आलो की गाडीनं नेत असे. शेवटी शेवटी त्यांच्या मनगटाची हाडं कातडीखाली स्पष्ट दिसायची. जन्मभर ज्यांना माणसात आधी हाडं दिसली, ते मामा त्या मनगटांकडे बघत नसत. ते मामींचा हात शालीखाली झाकून ठेवायचे. मामी भाताच्या कापणीच्या दिवसांत गेल्या. तेरावं झाल्यावर मामा पहिल्यांदा रिसॉर्टकडे गेले, आणि त्या संध्याकाळी मी सोबत होतो. थोरली कुंपणाशी आली, मामांच्या हातचा घास तिनं खाल्ला, मग मान उंच करून ती त्यांच्या खांद्यावरून मागच्या रस्त्याकडे बघत राहिली. मामा म्हणाले, "जावईबापू, ती माझ्या मागं बघते आहे." परत येताना मामा रस्त्याच्या कडेला बसले आणि रडले. त्यांना तसं मी आधी किंवा नंतर कधी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते तिला थोरली म्हणू लागले.

पुढच्या वर्षी रिसॉर्टच्या मालकांनी थोरलीच्या जागी पाण्याच्या घसरगुंड्या बांधायचं ठरवलं. मॅनेजर मामांकडे आला आणि म्हणाला, "सर, अब आप ही ले जाओ." थोरली द्वारकाबाईंच्या पुतण्याच्या पिकअप टेम्पोतून आली. तिच्या डोक्याला मामींची जुनी शाल गुंडाळली होती, कारण डोळे झाकले की शहामृग शांत राहतो. मामा तिच्या मानेला मिठी मारून मागं उभे होते. टेम्पो गावातून येताना एक लग्नाची वरात बाजूला झाली आणि बँडवाल्यांनी वाजवायचं थांबवलं. मामांच्या अंगणाला उंच जाळी लागली. गाव बघायला लोटलं, आणि मामा येणाऱ्या प्रत्येकाला काडेपेटीतला तो टरफलाचा तुकडा दाखवून सांगायला लागले की ही काही परदेशी नाही, हिचे पूर्वज आपल्याकडं होते, आपल्याच मातीत वाढले, फार फार पूर्वी इथून संपले. द्वारकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "म्हंजी म्हायेरी आली म्हना की." मामा काडेपेटी बंद करत म्हणाले, "शास्त्राप्रमाणं तसं म्हणता येणार नाही." पण गावानं तेव्हापासून तिला माहेरवाशीणच धरलं. नव्या तांदळाच्या कण्या कुणी आणून दे, कुणी कोबीचा पाला आणून दे, असं सुरू झालं.

थोरलीनं मामांच्या घरी एक अंडंही घातलं, नारळापेक्षा मोठं. मामांनी त्यावर काडेपेटीतला तुकडा हलकेच ठेवून पाहिला, आणि त्याचा बाक त्या अंड्याच्या बाकाशी असा बसला की आम्ही सगळेच पुढं वाकलो. मामा मात्र लगेच भानावर आले. "एवढ्याशा तुकड्यावरून काही ठरत नाही." द्वारकाबाई म्हणाल्या, "सर, तुमी जल्मात कवा कशाला व्हय म्हनलाय का?" मामा हसले. मामी गेल्यानंतर ते हसलेले मला आठवतात ते तेवढेच.

आता खरं तर मामांच्या मनासारखं सगळं झालं होतं. ज्या पक्ष्याची वाट बघत त्यांनी म्हातारपण काढलं, तो अंगणात उभा होता, लंगडा, पुरावा म्हणून अस्सल. पण मामा रोज सकाळी त्या पुराव्याच्या उजव्या पायाला तिळाचं तेल लावून चोळत बसायचे. ती घसरू नये म्हणून त्यांनी अंगणातली शहाबादी फरशी उखडून भाताचा तूस पसरला. मेधानं एकदा त्यांना चिडवलं, "मामा, पाय सरळ झाला तर तुमचा मुद्दा गेला की." ते मान वर न करता म्हणाले, "हाड आता सरळ व्हायचं नाही गं. तिला दुखतं तेवढं कमी होईल." मी त्या वेळी त्यांच्या खिशाकडं पाहिलं. कॅलिपर नव्हता. तिथं तेलाची बाटली होती.

थोरली एका हिवाळ्याच्या सकाळी गेली. रात्रीच कधीतरी बसली होती ती उठली नाही. मामांनी फोन केला तेव्हा त्यांचा आवाज अगदी कॉलेजातला होता. जन्मभर विद्यार्थ्यांना शिकवलं तसं सगळं करायचं, असं ते म्हणाले. पाय दोन वेगळ्या गोणपाटांत शिवायचे, म्हणजे बोटांची पेरं मिसळत नाहीत. मग पुरायचं, मांस जाऊ द्यायचं, आणि उकरायचं. पण फार थांबायचं नाही, कारण मुळशीचा पाऊस आणि ही लाल माती हाडं खाऊन टाकते. एक पावसाळा फार तर, असं त्यांनी मला नीट बजावलं, जणू उकरणार मीच होतो. गोणपाट द्वारकाबाईंनी शिवले, दाभण मामांच्या हातात राहीना म्हणून. अंगणाच्या कडेला खड्डा झाला, थोरली त्यात मावली, आणि खूण म्हणून मामांनी ओढ्यातला एक गोल काळा दगड वर ठेवला.

घोटाळा झाला तो त्या दगडाचा. महिन्याभरानं आम्ही गेलो तेव्हा दगडावर हळदकुंकू होतं. पुढच्या खेपेला झेंडूची फुलं होती, आणि चैत्रात तर बायकांनी तिथं खण-नारळ ठेवून ओटी भरली. दगड जमिनीत असेल, कुंकू लागलं असेल, तर त्याला कुदळ लावणं गावात कुणाला शक्य नव्हतं. मेधा घाबरली. तिला वाटलं मामा आता भांडणार. ज्या माणसानं स्वतःच्या मुंजीत भटजींना फासळ्या किती असतात ते विचारलं होतं, तो ऐकून घेणार नाही. मामा जाळीशी उभे राहून ते सगळं बघत होते. म्हणाले, "आता कसं उकरणार? लोकांच्या भावना आहेत." मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. मेधा म्हणाली, "मामा, तुम्ही सांगा, मी बोलते द्वारकाबाईंशी. त्या ऐकतील." मामा तिच्याकडे बघून म्हणाले, "नको. पावसाळा होऊ दे."

पावसाळा झाला. मग दुसरा झाला. मेधा विचारायची आणि मामा विषय बदलायचे. शहामृगाच्या नडग्यांवरचा त्यांचा लेख अर्धा होऊन तसाच पडला होता. ज्या माणसाला सबंध जगाशी वाद घालायचा होता, तो संध्याकाळी त्या दगडाशेजारी खुर्ची टाकून नुसता बसायला लागला. आम्हाला त्याचा राग यायचा. गावाच्या खुळेपणापायी मामांचं आयुष्यभराचं काम मातीत चाललंय, आणि ते बोलत नाहीत, असं आम्ही गाडीत परत येताना एकमेकांना सांगायचो, आणि चांदणी चौकात वाहतूक तुंबली की तो राग आणखी वाढायचा. मामा गेल्या हिवाळ्यात गेले, झोपेत, कुणाला त्रास न देता. त्यांना उचलताना माझ्या मनात आलं की यांचा कुठला खांदा खाली होता ते मी कधी बघितलंच नाही.

काही दिवसांनी मामांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा मला फोन आला. ती आता त्यांच्याच विषयाची प्राध्यापक आहे. तिनं फार आदरानं विचारलं की सरांचा तो सांगाडा अजून काढता येईल का. दोन्ही नडग्या जरी हाती लागल्या तरी ती सरांचा लेख त्यांच्या नावानं पुरा करेल. जास्त उशीर झाला तर मात्र काही उरणार नाही, हेही म्हणाली. फोन ठेवला तेव्हा मेधाचे डोळे भरले होते. मामांसाठी आता एवढं एकच करण्यासारखं राहिलं होतं. रविवारी आम्ही घर आवरायला म्हणून गेलो, आणि मेधानं पहिलं काम म्हणजे द्वारकाबाईंना हाक मारून बोलावलं. त्यांच्याशी कसं बोलायचं ते ती सगळा रस्ता ठरवत आली होती. ती म्हणाली, "मावशी, तुम्हा बायकांची श्रद्धा आहे, मला कळतं. आम्ही दगडाला धक्का लावणार नाही. पूजा करून बाजूला ठेवू, काम झालं की परत तिथंच ठेवू. पण तुम्ही तेव्हा कुंकू लावलंत आणि मामांना काही बोलता आलं नाही."

द्वारकाबाई पायरीवर बसल्या. "पोरी, आमी कशाला दगडाला कुकू लावतोय? आमच्या गावात देव कमी हायेत का? पयलं बोट सरांचं हाय."

मेधा म्हणाली, "मामांचं?"

"तिला पुरली त्येच्या दुसऱ्या दिशी, सकाळच्या पारी. मी कुंपनाला व्हते. सर आतून बाईंचा करंडा घिऊन आलं. बोट बुडवलं आन् दगडाला लावलं. येकच ठिपका. मी म्हनलं, सर, तुमी कवापासनं देव मानाय लागला? तर म्हनले, न्हाई द्वारकाबाई, आता ह्याला मला हात लावता यायचा न्हाई. मला काय उमजलं न्हाई बाई. सरांनी लावलंय, मंग म्हायेरवाशिनीला मोकळी कशी ठिवायची, म्हनून आमी हळद लावली." त्यांनी मेधाकडे वर पाहिलं. "तुमाला म्हाईत न्हवतं व्हय?"

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. मांडणीवर पातेली उतरंडीनं लावलेली होती, घासून घासून पांढरी पडलेली, आणि प्रत्येकाच्या काठाखाली मामींचा लाल ठिपका अजून होता. ओट्यावर मामांच्या चहाचं भांडं होतं. ते द्वारकाबाईंचं होतं. मामी गेल्यावर इतकी वर्षं एकट्यानं राहूनही त्यांनी त्या मांडणीला हात लावला नव्हता. लाल ठिपका दिसला की हात लावायचा नाही, मग आत काही असो, हे मामींनी त्यांना सांगितलं होतं. थोरलीला उकरून, तिचा पाय टेबलावर ठेवून मोजणं आपल्याच्यानं होणार नाही, आणि न मोजणंही होणार नाही, हे त्यांना दाभण हातातून सुटलं तेव्हाच कळलं असावं. म्हणून त्यांनी मामींना मध्ये घातलं.

विद्यार्थिनीला मी तिथूनच फोन केला आणि जमणार नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तेव्हा म्हणालो, गावातल्या लोकांच्या भावना आहेत. ती हळहळली, आणि मला तिच्याबद्दल खरंच वाईट वाटलं. बाहेर आलो तर द्वारकाबाई गेल्या होत्या. मेधा दगडापाशी उकिडवी बसली होती. अवकाळी पाऊस होऊन गेला होता, त्यानं कुंकू पार पुसट झालं होतं. तिच्या हातात मामींचा करंडा होता. मी वाकून दगडावरची ओली पानं बाजूला केली, आणि तिनं मधोमध एक ठिपका लावला.